घाटावरचं पाणी, घाटाखालची वीज

बारामती-इंदापूरच्या माणसाला पाण्याविषयी सांगायला जाणं म्हणजे वारकऱ्याला पंढरीची वाट दाखवणं. इथं टपरीवर चहा पिणाऱ्यालाही टीएमसी आणि क्युसेक यांतला फरक कळतो. उजनी ‘मायनस’मधून ‘प्लस’मध्ये कधी येणार, नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन किती लांबलं, पाणी टेलला पोचलं की वरच्या फाट्यांनीच जिरवलं, यावर इथं लग्नाच्या पंगतीतही वाद झडतात. पण जलविद्युत म्हटलं की हाच माणूस गप्प होतो. त्याच्या लेखी तो विषय कोयनेचा, टाटांचा, फार तर शाळेच्या पुस्तकातल्या भाक्रा-नांगलचा. आपल्या उसाला मिळणारं कालव्याचं पाणी शेतात येण्याआधी दोन ठिकाणी टर्बाइन फिरवून आलेलं असू शकतं. आणि आपल्या नदीत यायचं त्यातलं बरंचसं पाणी शंभरहून अधिक वर्षं वीज करण्यासाठी उलट दिशेला, कोकणात उतरवलं जातं आहे. या दोन गोष्टी त्याच्या बोलण्यात क्वचितच एकत्र येतात. पुढच्या पानांत त्या एकत्र आणल्या आहेत, आणि म्हणूनच प्रस्तावना लिहायला मी आनंदानं होकार दिला.

मराठीत जलविद्युतवर जे लिहिलं गेलं ते मुख्यत्वे दोन बाजूंनी. एक अभियंत्यांची बाजू: भिंत किती उंच, जनित्रं किती, बोगदा कसा खणला. दुसरी धरणात घरदार गेलेल्यांची बाजू. दोन्ही हव्यात. पण कालव्याच्या टेलला उभं राहून, जिथं पाणी सगळ्यात शेवटी पोचतं किंवा पोचतही नाही, तिथून या विषयाकडं पाहिलेलं माझ्या वाचनात फारसं आलेलं नाही. तसं पाहिलं की पाण्यावर पहिला हक्क विजेचा की शेताचा, हा प्रश्न लगेच समोर येतो. पुणे जिल्ह्यात या प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरं दिली गेली. पाणी सह्याद्रीवरून पश्चिमेला उतरवलं तिथं वीज मालकीण झाली. पाणी पूर्वेला वाहू दिलं तिथं शेत मालक झालं आणि वीज त्याच्या मागून आली.

नकाशा डोळ्यांपुढं ठेवा. भीमा भीमाशंकरला उगम पावते. घोड, भामा, इंद्रायणी, पवना, मुळा-मुठा असं सगळं पाणी पोटात घेऊन ती इंदापूरच्या उत्तर कडेनं उजनीच्या जलाशयात शिरते. नीरा भोरच्या डोंगरांतून निघून बारामती आणि इंदापूरच्या दक्षिण कडेनं वाहते. वाटेत सोनगावजवळ कऱ्हा तिला मिळते, आणि इंदापूरच्या अगदी टोकाला, नीरा नरसिंगपूरला, ती भीमेत विसर्जित होते. संगमावरच्या नरसिंहाच्या घाटावर उभं राहिलं की डावीकडून आलेलं पाणी उजनीच्या विद्युतगृहावरून आलेलं असतं आणि उजवीकडून आलेलं भाटघर-वीरच्या. वर पानशेत आणि वरसगावला प्रत्येकी ८ मेगावॅटची, पवनेवर १०ची, डिंभ्याला ५ची आणि माणिकडोहला ६ची जनित्रं आहेत. म्हणजे भीमेचं खोरं विजेच्या दृष्टीनं काही कोरडं नाही. पण वरच्या या पाच धरणांचे आकडे एकत्र केले तरी ते खोपोलीच्या एका विद्युतगृहाच्या ७२ मेगावॅटपर्यंत जात नाहीत. असं का, हे कळण्यासाठी थोडं गणित करावं लागेल. ते सोपं आहे, शेतातल्या मोटरीचा हिशोब येतो त्याला तर फारच सोपं.

पाण्यापासून मिळणारी वीज दोन गोष्टींवर ठरते: सेकंदाला किती पाणी येतं आणि ते किती उंचीवरून येतं. या दोहोंचा गुणाकार. एक लिटर पाणी एक मीटर खाली आलं की ९.८ ज्यूल ऊर्जा मोकळी होते. वीजबिलातला एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार केला की कळतं, हजार लिटर पाणी ३६७ मीटर खाली उतरवलं आणि वाटेत काहीही वाया गेलं नाही, तर एक युनिट वीज मिळेल. वाया थोडं जातंच. दाबनळाच्या घर्षणात, टर्बाइनच्या पात्यांवर, जनित्राच्या तारांमध्ये मिळून शेकडा पंधराच्या आसपास घट धरावी.

आता हेच गणित दोन ठिकाणी लावू. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावरून खोपोलीला पाणी सुमारे ५०० मीटर खाली येतं. तिथं एका युनिटाला साधारण साडेआठशे-नऊशे लिटर पाणी पुरतं. उजनीचं पॉवर हाऊस १२ मेगावॅटचं. विजेसाठी तिथून सोडलेलं पाणी १६०० क्युसेक असतं, हा आकडा पावसाळ्यात वर्तमानपत्रात वरचेवर येतो. त्यावरून उलट हिशोब केला तर उंची ३० मीटरच्या आसपास निघते. म्हणजे उजनीत एका युनिटाला १४ हजार लिटर पाणी लागतं. उन्हाळ्यात गावात येणारा मोठा टँकर दहा-बारा हजार लिटरचा. तो आख्खा टँकर उजनीच्या टर्बाइनमधून गेला तरी एक युनिट पुरा होत नाही, आणि खोपोलीला तोच टँकर डझनभर युनिट देऊन जातो.

टीएमसीच्या भाषेत मांडायचं तर एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. ते घाटावरून खाली सोडलं तर सव्वातीन कोटी युनिट, उजनीच्या पायथ्याशी सोडलं तर जेमतेम २० लाख. सोळा-सतरा पटींचा फरक. १९११ साली वळवणच्या माळावर टाटांच्या धरणाची कोनशिला बसली, तेव्हा ती बसवणाऱ्यांनी हेच गणित केलं होतं. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं, हे मान्य करूनच पुढचं भांडण भांडायला हवं.

जगातला इतिहास इथं थोडक्यात सांगतो. वाहत्या पाण्यानं चाक फिरवणं जुनंच आहे. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिलेल्याला ते समजावून सांगायला नको. झऱ्याचं पाणी खापरी नळांतून आणायचं, उंचावरून पात्यांवर सोडायचं आणि त्यावर जातं फिरवायचं. फरक पडला तो एकोणिसाव्या शतकात. फ्रान्समध्ये फूर्नेरोननं १८२७च्या सुमारास पहिलं उपयोगी टर्बाइन केलं. १८३१ साली फॅरेडेनं चुंबक आणि तार यांच्या हालचालीतून वीज काढून दाखवली. फ्रान्सिसनं १८४९ साली मध्यम उंचीसाठी, पेल्टननं १८८०च्या आसपास फार उंचीसाठी आणि कॅप्लाननं १९१३ साली कमी उंची पण भरपूर पाण्यासाठी चक्रं तयार केली. आजही जगभर मुख्यत्वे हीच तीन नावं चालतात. सप्टेंबर १८८२मध्ये अमेरिकेतल्या ॲपलटन गावी फॉक्स नदीवर पाण्याच्या विजेचे दिवे लागले. आपल्याकडं १८९७ साली दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला आणि १९०२ साली म्हैसूर संस्थानात शिवसमुद्रमला वीज झाली.

खोपोलीचं चाक पेल्टनचं आहे. त्याच्या परिघावर जोडवाट्यांसारख्या कप्प्यांची रांग असते. पाचशे मीटर उंचीच्या पाण्याचा सगळा दाब तोटीतून एका धारेत बाहेर पडतो आणि त्या वाट्यांवर आपटतो. धार वाटीत दुभंगते, उलटी वळते आणि बळ संपल्यासारखी खाली गळते. उजनीसारख्या कमी उंचीच्या जागी मात्र चाक पाण्यात पूर्ण बुडालेलं असतं. शंखासारख्या पोलादी नळीतून पाणी चारी बाजूंनी आत येतं, पडद्यांसारख्या हलत्या पात्यांमधून चाकावर जातं आणि खालच्या फुगत्या नळीतून नदीला मिळतं. या पडद्यांचं तोंड कमी-जास्त केलं की वीज कमी-जास्त होते. विद्युतगृहात उभ्या माणसाला पाणी कुठंच दिसत नाही. पायांखालची फरशी तेवढी सारखी थरथरत असते.

टाटांची गोष्ट मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू होते. गिरण्या कोळशावर चालत आणि कोळसा बंगालमधून येई. घाटावर चार महिन्यांत प्रचंड पाऊस पडतो, तो अडवून कड्यावरून खाली सोडावा, ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग या मुंबईच्या स्थापत्यविशारदानं जमशेटजी टाटांपुढं मांडली. जमशेटजी १९०४ साली गेले. कंपनी उभी राहिली १९१० साली, आणि ८ फेब्रुवारी १९१५ला खोपोलीची वीज मुंबईकडं निघाली. त्यामागून आंध्रा नदीचं पाणी वळवून १९२२ साली भिवपुरी आणि मुळेचं पाणी वळवून १९२७ साली भिरा. इंद्रायणी, आंध्रा, मुळा या तिन्ही नद्या भीमेच्या. त्यांच्या डोक्यावर भिंती उभ्या राहिल्या आणि त्यांचं पाणी पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिका या पश्चिमवाहिनी नद्यांत उतरू लागलं.

मुळेवरच्या मुळशी धरणापायी तिथल्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१पासून तीन वर्षं सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी तिथंच मिळाली. धरणाविरुद्धच्या संघटित लढ्यांत जगातल्या पहिल्यांपैकी तो एक. पुढं त्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, तेव्हा इथं एवढंच नोंदवतो की तो लढा जमिनीचा होता. बुडणारी भातखाचरं, बुडणारी घरं, बुडणारी देवळं. खाली इंदापूरकडं येणाऱ्या पाण्याचं काय, हे त्या काळी कोणी विचारलं नाही. विचारणार तरी कोण? तेव्हा उजनी नव्हती, भीमेकाठच्या मोटा विहिरींवर चालत होत्या आणि पावसाळ्यातलं पुराचं पाणी वाहून जाण्यासाठीच असतं असं सगळ्यांनी धरलं होतं.

तो प्रश्न कागदावर आला कृष्णा पाणीवाटप लवादात. न्यायमूर्ती बच्छावतांच्या या लवादाचा निवाडा १९७६ साली अमलात आला. त्यात टाटांच्या जलविद्युत प्रकल्पांसाठी भीमा खोऱ्यातून पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर मर्यादा घातली गेली: कोणत्याही एका वर्षी ५४.५ टीएमसीपेक्षा जास्त नाही आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसीपेक्षा जास्त नाही. सरासरी वर्षाला ४२ टीएमसी आणि थोडं वर. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. म्हणजे उजनीच्या वापरण्याजोग्या पाण्याच्या पाऊणपटीहून अधिक पाणी दरसाल कड्यावरून पलीकडं जाऊ शकतं. कोयनेचं ६७.५ टीएमसी वेगळंच, पण ते कृष्णेचं. त्याचा हिशोब सांगली-साताऱ्यानं मांडावा.

आता नीरेकडं वळू, कारण बारामतीचा खरा जीव तिच्यात. १८७६-७७च्या दुष्काळानं हा मुलूख होरपळला आणि इंग्रज सरकारनं कालवा काढला. १८८५ साली नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटलं. त्याच्या पाठीशी साठा हवा म्हणून भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचं पहिलं धरण झालं. त्याच्या तलावाला व्हायटिंग या अभियंत्याचं नाव मिळालं. ते अपुरं पडलं तेव्हा १९२७च्या सुमारास खालच्या अंगाला मोठं दगडी धरण बांधलं गेलं. त्याला गव्हर्नर लॉइडचं नाव दिलं, आणि जुनी भिंत नव्या पाण्यात गडप झाली. पुढं उजवा कालवा आला आणि स्वातंत्र्यानंतर साठच्या दशकात वीर धरण. याच नीरा कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला ब्लॉक पद्धत आणली. ठरावीक क्षेत्राचे गट पाडून पिकं आलटून पालटून घ्यायची, म्हणजे पाणी दूरपर्यंत पुरेल. आजच्या ऊस-ऊस-ऊस या पीकपद्धतीकडं पाहून विश्वेश्वरय्या काय म्हणाले असते, याची कल्पना वाचकानंच करावी.

भाटघरच्या पायथ्याशी १६ मेगावॅटचं आणि वीरला ९ मेगावॅटचं विद्युतगृह आलं ते सत्तरच्या दशकात. कालव्याला पाणी सुटून तोवर नव्वद वर्षं होत आली होती. हा क्रम महत्त्वाचा आहे. इथं पाणी विजेसाठी सोडत नाहीत. आवर्तनासाठी सोडतात आणि जाता जाता त्याच्याकडून चाक फिरवून घेतात. शेतीचं आवर्तन सुरू असेल तर जनित्र चालू, कालवा बंद तर जनित्र बंद. विजेला खरी किंमत संध्याकाळी सात ते दहा या वेळेत असते. कालव्याला मात्र रात्रंदिवस एकसारखी धार लागते, नाहीतर पाणी टेलला चढतच नाही. विजेच्या सोयीनं वीरचं पाणी संध्याकाळी तीन तास सोडून बाकी वेळ बंद ठेवलं तर लिमटेक-सणसरच्या पुढं चिखलसुद्धा पोचायचा नाही. म्हणून वीज इथं निमूट मागून चालते. उभारणी पाटबंधारे खात्याची आणि चालवणं वीज मंडळाचं, पुढं महानिर्मितीचं, ही विभागणीही तेच सांगते: पाण्याचा मालक एक, विजेचा दुसरा, आणि चावी पहिल्याच्या हातात.

उजनीची गोष्ट आणखी वेगळी, आणि माझ्या मते पुस्तकातला सर्वांत वाचनीय भाग हाच. ७ मार्च १९६६ रोजी यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली, १९८० साली धरण पुरं झालं आणि जलाशयाचं नाव यशवंतसागर पडलं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, माढ्याच्या हद्दीत. पाणी मात्र पसरलं इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जतपर्यंत. पळसदेव, कुंभारगाव, कळाशी, भिगवण या नावांमागं एक-एक जुनं गाव पाण्याखाली आहे. दुष्काळी वर्षी पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं आणि टीव्हीवाले होड्या करून तिथं जातात.

घाटात उंची सह्याद्रीनं आयती दिली. इंदापूरच्या सपाटीला ती भिंत घालून विकत घ्यावी लागली, आणि सपाटीवर भिंत घातली की पाणी वर चढण्याऐवजी आडवं पसरतं. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी. त्यातलं ६३.६५ टीएमसी मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्यापेक्षाही जास्त. अचल पातळी समुद्रसपाटीपासून ४९१.०३ मीटर आणि पूर्ण संचय पातळी ४९६.८३. मधलं अंतर अवघं ५.८ मीटर. दोन मजल्यांच्या उंचीत साडेत्रेपन्न टीएमसी! इतका उथळ, इतका पसरट जलाशय विजेच्या दृष्टीनं गैरसोयीचा, बाष्पीभवनाच्या दृष्टीनं महागडा आणि पक्ष्यांच्या दृष्टीनं उत्तम. भिगवण-कुंभारगावच्या दलदलीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात ते या उथळपणामुळेच.

विद्युतगृहातून १६०० क्युसेक पाणी जातं म्हटलं. एक टीएमसी पाणी एका दिवसात सोडायचं तर ११,५७४ क्युसेकचा विसर्ग लागतो. म्हणजे उजनीच्या टर्बाइनला एक टीएमसी पचवायला सात दिवसांहून अधिक वेळ हवा. पावसाळ्यात पुण्याकडून लोंढा आला की धरणातून लाख क्युसेक सोडावे लागतात. त्यातले १६०० विजेचे, उरलेले दरवाजांतून फेसाळत तसेच पंढरपूरकडं. पूर आला म्हणजे वीज भरपूर झाली असेल, अशी समजूत असलेल्यांनी हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

मात्र या यंत्रात एक खुबी आहे. ते उलटंही फिरेल अशा बेतानं बसवलेलं आहे. दिवसा-संध्याकाळी पाणी खाली सोडून वीज करायची, ते पाणी भिंतीखालच्या बंधाऱ्यात धरायचं आणि रात्री विजेला गिऱ्हाईक नसेल तेव्हा तेच पाणी परत वर चढवायचं. पैठणलाही असंच १२ मेगावॅटचं यंत्र आहे. याला उदंचन म्हणतात. घाटघरला २५० मेगावॅटचा आणि भिऱ्याला १५० मेगावॅटचा संच याच तत्त्वावर आहे.

इंदापूरच्या शेतकऱ्याला हे समजावण्याची गरज नाही, कारण उदंचनातला अर्धा भाग तो रोज करतो. बॅकवॉटरच्या काठानं चालत जा. एप्रिल-मे महिन्यात पाणी मागं सरकलेलं असतं. त्याच्या मागोमाग मोटरी सरकत जातात. केबल वाढवायची, पाइपाचे तुकडे जोडायचे, फूटव्हॉल्व्ह चिखलात रुतू नये म्हणून त्याखाली टोपली बांधायची, आणि पाणी आणखी मागं गेलं की जेसीबी लावून चर खणायचा. रात्रीच्या पाळीला लाइट आली की अंधारात बॅटरी घेऊन स्टार्टरपर्यंत जायचं. पाच एचपीची मोटर तीस मीटर उंचीवर सेकंदाला साडेसात लिटरच्या आसपास पाणी चढवते. त्यासाठी पावणेचार किलोवॅट वीज घेते. तेच साडेसात लिटर त्याच उंचीवरून टर्बाइनमधून खाली आणलं तर दोन किलोवॅटही हाती येत नाहीत. चढवताना घट, उतरवताना घट. मोठ्या उदंचन केंद्रांत काम नीट असतं, तरी शंभर युनिट खर्चून पंचाहत्तर-ऐंशीच परत मिळतात. उजनीचं टर्बाइन भिंतीपाशी जी वीज करतं, तिच्याहून जास्त वीज याच जलाशयाच्या काठावरच्या हजारो मोटरी पाणी वर चढवायला खात असणार, असं मला वाटतं.

चढवलेल्या पाण्याचा ऊस होतो. तो माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर इथल्या कारखान्यांत जातो आणि त्याचं चिपाड बॉयलरमध्ये जळून सहवीजनिर्मिती होते. वीरच्या चाकावर जी वीज हाती लागली नाही, तिच्यातली थोडी अशा आडवाटेनं निघते. तिला जलविद्युत कोणी म्हणणार नाही, पण पाणी तेच आहे. वालचंदनगर तर १९३०च्या दशकात नीरेच्या पाण्यावर उसासाठीच वसलं, आणि पुढं तिथं यंत्रं बनू लागली.

शेवटी त्या प्रश्नाकडं येतो, जो प्रत्येक दुष्काळी वर्षी सभांमधून निघतो: मुळशीचं पाणी परत पूर्वेला वळवा. भाषणात हे वाक्य टाळ्या घेतं. पण हिशोब मांडल्याशिवाय ती मागणी मंत्रालयाच्या पायरीवरही टिकणार नाही. ४२ टीएमसीची वीज वर सांगितलेल्या दरानं वर्षाला १४० कोटी युनिटांच्या आसपास होते. ती संध्याकाळी पाहिजे त्या मिनिटाला सुरू करता येते. औष्णिक संच थंड असला तर तो तापायलाच कित्येक तास लागतात. शिवाय ‘पाणी समुद्रात जातं’ हे अर्धसत्य आहे. भिवपुरीतून उल्हास नदीत उतरलेल्या पाण्यावर बदलापूर-अंबरनाथपासून कल्याणपर्यंतची वस्ती जगते, पाताळगंगा आणि कुंडलिकेवर रायगडचे कारखाने आणि गावं उभी आहेत. त्यांचे नळ बंद करून आमचे उघडा, असं कोणत्याही सरकारला सांगता येणार नाही.

तरीही ही मागणी मोडीत काढण्यासारखी नाही. १९११ साली मुंबईला कोळशाशिवाय दुसरा आधार नव्हता. आज महाराष्ट्रात एक मेगावॅट सौर पॅनेल वर्षाला पंधरा-सोळा लाख युनिट देतात. म्हणजे हजार मेगावॅटच्या आतच सौरऊर्जा ते १४० कोटी युनिट भरून काढेल. अडचण फक्त सूर्य मावळल्यानंतरची, आणि त्यासाठी उदंचन आहे. ऑगस्ट २०२३मध्ये टाटा पॉवर आणि राज्य सरकार यांच्यात शिरवता इथं १८०० आणि भिवपुरी इथं १००० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांचा करार झाला. उदंचनात पाणी खर्च होत नाही, तेच पाणी खालीवर फिरतं. बाष्पीभवन तेवढं सोसायचं. उंचीचा फायदा घ्यायला दरवर्षी नवं पाणी खाली ओतलंच पाहिजे, ही शंभर वर्षांची अट त्यामुळं सैल होते. कोकणातल्या पिण्याच्या पाण्यापुरतं आणि कारखान्यांपुरतं बाजूला काढून, उरलेल्या टीएमसींपैकी काही टप्प्याटप्प्यानं भीमेला परत देता येतील की नाही, यावर अभ्यास व्हायला हवा. माझं मत विचाराल तर देता येतील. पण परत आलेलं पाणी पुन्हा उसातच जिरणार असेल, तर ते मागण्याचा आपला नैतिक हक्क निम्मा कमी होतो, हेही तितकंच खरं.

पुढची प्रकरणं वाचताना वाचकानं हाताशी कागद ठेवावा. जे जे धरण येईल त्याच्या नावापुढं तीन आकडे लिहावेत: पाणी किती टीएमसी, उंची किती मीटर आणि चाक फिरल्यावर ते पाणी कुणाच्या शेतात किंवा कुणाच्या नळाला जातं. पहिले दोन आकडे कोणत्याही खात्याच्या अहवालात सापडतात. तिसरा सापडत नाही, तो आपल्यालाच भरावा लागतो. कालवा सल्लागार समितीच्या पुढच्या बैठकीला जाणाऱ्यांनी तरी तो भरून न्यावा.